शेततळ्यातले १४३ तास

हे तळं नकाशावर शोधू नका. संगमनेरहून पुण्याच्या रस्त्यानं चंदनापुरीचा घाट चढला की पठार लागतं. तिथं घारगाव-साकूरच्या बाजूला कुठल्याही वस्तीवर ते असू शकेल. तळं, त्याचा मालक, व्यापारी आणि मेलेल्या माशांचा आकडा मी रचलेला आहे. माशाच्या अंगात काय किती वेळानं घडतं, ते रचलेलं नाही. ते प्रयोगशाळांत रक्ताचे थेंब मोजून ठरलेलं आहे.

शेवट आधीच सांगतो. शनिवारी पहाटे साडेपाचला तळं पांढरं दिसत होतं, पोटं वर आलेल्या माशांनी. गावात सगळ्यांचं एकमत झालं की रात्रीच्या पावसानं मासे मारले.

पाऊस सगळ्यात शेवटी आला.

तळ्याचं माप

'मागेल त्याला शेततळे' ही योजना राज्यात २०१६ साली आली. तिच्यातलं तेव्हाचं सर्वांत मोठं माप ३० बाय ३० बाय ३ मीटर. हे तळं त्याच मापाचं. काठ उतरते, आत प्लास्टिकचा कागद. काठोकाठ भरलं की १९ लाख ७० हजार लिटर. जूनच्या पहिल्या रविवारी पाणी १ मीटर ४० सेंटिमीटरवर होतं. मालकाच्या हिशेबानं तळं जवळपास निम्मं भरलेलं. पण असं तळं खाली निमुळतं होत जातं. प्रत्यक्षात पाणी साडेसात लाख लिटर होतं, म्हणजे ३८ टक्के. बाकीचं एप्रिल-मे महिन्यांत डाळिंबाला गेलं.

मासे मात्र होते तेवढेच होते: रोहू, कटला, थोडा मृगळ मिळून १,२००. वजन ५४० किलोच्या आसपास.

रविवार, सकाळी ६:३० (१४३ तास आधी)

व्यापारी टेम्पो घेऊन आला. सोबत चार माणसं, एक ओढजाळं, वजनकाटा, चाळीस क्रेट. पेरणी तोंडावर होती, बियाणं-खताला पैसे हवे होते. पोरांची शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार होती. जाळं पूर्वेच्या काठावरून पाण्यात उतरलं.

सकाळी ६:३० आणि काही सेकंद

जाळ्याची दोरी पाण्यात हलली तेव्हा सगळ्यात पुढच्या रोहूच्या रक्तात अॅड्रिनलीन उतरलं. त्याला सेकंद पुरतात. हृदयाचे ठोके बदलले, कल्ल्यांतून जास्त रक्त फिरू लागलं, स्नायूंना साखर मिळाली. मासा पळाला.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. खंड्यानं सूर मारला तरी एवढंच होतं.

सकाळी ६:३३

दुसरा निरोप निघाला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, त्याच्याखाली पिट्युटरी ग्रंथी. आपल्या शरीरात या दोघांत रक्तवाहिन्यांचं छोटं जाळं आहे. हाडांच्या माशांत तेही नाही, मज्जातंतू थेट पिट्युटरीत जाऊन टेकतात. निरोप पोचला, पिट्युटरीनं एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडलं. ते डोक्याच्या मागच्या बाजूला, मणक्याखाली पसरलेल्या एका गडद लाल अवयवाकडं निघालं.

मासा साफ करताना आपण तो बोटानं खरवडून टाकतो. काळपट रक्तासारखा दिसतो, म्हणून बायका त्याला नुसतं रक्तच समजतात. ते माशाचं शीर्ष-मूत्रपिंड. नाव मूत्रपिंडाचं असलं तरी लघवीशी त्याचा संबंध फारसा उरलेला नाही. माशाच्या हाडांत रक्त तयार होत नाही, आपल्यासारख्या लसीकाग्रंथी त्याला नसतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी प्रामुख्यानं याच अवयवात जन्मतात. आणि ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, तेही इथंच बनतं. एकाच वाड्यात पोलीस चौकी आणि चौकी बंद ठेवण्याचा हुकूम काढणारी कचेरी, मधे भिंत नाही.

सकाळी ६:४५

कॉर्टिसॉल साठवून ठेवता येत नाही. मागणी आली की कोलेस्टेरॉलपासून ते ताजं बनवावं लागतं, म्हणून त्याला मिनिटं लागतात. निवांत माशाच्या रक्तात ते मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम असतं. जाळ्यात सापडलेल्या माशात ते शेकड्यात जातं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

एकाच वेळी ६४० मासे जाळ्यात होते.

सकाळी ७:१५

व्यापाऱ्याला पाऊण किलोच्या वरचा माल हवा होता. जाळं काठाशी आवळून धरलं आणि माणसं हातानं मासे निवडू लागली. या कामाला पंचावन्न मिनिटं लागली. तेवढा वेळ ६४० मासे गुडघाभर पाण्यात एकमेकांच्या अंगावर घासत होते.

माशाच्या अंगाचा बुळबुळीतपणा आपल्याला किळसवाणा वाटतो. तो त्याचा पहिला कोट आहे. त्यात जिवाणू फोडणारं लायसोझाइम असतं, प्रतिपिंडं असतात. जाळ्याच्या गाठींनी तो पुसला गेला. कित्येकांचे खवले निघाले. काळ्या कागदावर सकाळच्या उन्हात खवले चमकत होते. मालकाच्या धाकट्या पोरानं दोन-चार गोळा करून खिशात घातले.

सकाळी ८:१० (१४१ तास २० मिनिटं आधी)

१९० मासे क्रेटमध्ये गेले. काटा १५२ किलोवर थांबला. उरलेले ४५० लहान निघाले.

"शेठ, ह्यांचं काय करायचं?"

"सोडा परत. दिवाळीपर्यंत किलोचे होतील."

क्रेट भरभरून ते पाण्यात ओतले. दोन तासांच्या आत तळं शांत दिसू लागलं. आता आत १,०१० मासे होते, त्यातले ४५० जखमी.

सकाळी ९:३० (१४० तास आधी)

आता जखमेत काय चाललं होतं ते पाहू.

खवला निघाला तिथं एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू पोचला होता. तो बाहेरून आलेला नव्हता. गोड्या पाण्यात तो कायम असतो, धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. त्वचेखाली गस्त घालणाऱ्या पेशींनी त्याला ओळखलं. अशा वेळी पेशी बोंब मारते. ही बोंब म्हणजे प्रथिनांचे लहान रेणू, सायटोकाइन. ते संप्रेरकांसारखेच वागतात: एका पेशीतून सुटतात, दुसऱ्या पेशीच्या कुलपात बसतात आणि तिचं काम बदलतात. पहिल्या फळीत इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ. मागून इंटरल्यूकिन-८, जो न्यूट्रोफिल पेशींना जखमेची वाट दाखवतो.

हे माशातही असंच चालतं, हे कळायला बराच काळ गेला. इंटरफेरॉन हा विषाणूची खबर शेजारच्या पेशीला देणारा रेणू आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना १९५७ साली लंडनमध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यांत सापडला. माशाच्या पेशी काचेच्या बाटलीत कायम वाढत्या ठेवणं जमलं ते १९६२ साली. वुल्फ आणि क्विम्बी यांनी ट्राउटच्या जननग्रंथीपासून ती पेशीमालिका बनवली. ट्राउटचं इंटरल्यूकिन-१ बीटाचं जनुक स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या लोकांनी १९९९ साली वाचलं. आज लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत भारतीय माशांच्या पेशीमालिकांची कोठी आहे. मुंबईत वर्सोव्याला १९६१पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पठारावरून तिथं जायला एक दिवस पुरतो. मालकानं तिचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

रविवारी साडेनऊला पेशी बोंब मारायच्या बेतात होती. तेवढ्यात कॉर्टिसॉल आत आलं होतं.

कॉर्टिसॉलला पेशीचं दार वाजवावं लागत नाही. ते चरबीत विरघळतं, पेशीच्या पडद्यातून सरळ आत जातं. आत त्याची वाट पाहणारी प्रथिनं असतात; बहुतेक हाडांच्या माशांत ती दोन प्रकारची आहेत. कॉर्टिसॉल त्यांच्यात बसलं की ही जोडी पेशीच्या केंद्रकात शिरते. बोंब मारायला सांगणारा जो एनएफ-कप्पा-बी नावाचा मुकादम असतो, त्याला ती काम करू देत नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा बनतं, पण थोडं. टीएनएफ बनतं, पण थोडं. न्यूट्रोफिलना वर्दी मिळते, पण उशिरा.

निसर्गानं असं का करून ठेवलं असावं? खंड्याचा सूर मिनिटभराचा असतो. त्या मिनिटात सूज आणण्यापेक्षा पळण्यात शक्ती घालणं शहाणपणाचं. शिवाय सूज स्वतःच घातक होऊ शकते, तिला लगाम हवाच. ट्राउटमध्ये तर इंटरल्यूकिन-१ बीटा टोचलं की कॉर्टिसॉल वाढतं. म्हणजे बोंब मारणाराच लगाम मागवून ठेवतो. व्यवस्था नेटकी आहे. तिच्या हिशेबात जवळपास तासभर आवळून धरलेलं जाळं नव्हतं.

रविवार, संध्याकाळी ६:३० (१३१ तास आधी)

धक्का एकदाच बसला आणि मासा निवांत राहिला, तर कॉर्टिसॉल काही तासांत उतरू लागतं आणि साधारण दिवसभरात पूर्वपदावर येतं. तळ्यातही ते उतरू लागलं होतं. आता या माशांना एकच गोष्ट हवी होती: कुणी काही करू नये.

सोमवार, सकाळी ७:०० (११८ तास ३० मिनिटं आधी)

डेअरीत दूध घालून मालक तळ्यावर आला. रोजच्यासारखी ११ किलो शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा कालवून टाकला. एरवी पाणी उकळल्यासारखं होतं. आज चार-दोन वर्तुळं उठली.

कॉर्टिसॉल चढलेला मासा खात नाही. हा पहिला इशारा होता, आणि अगदी उघड होता. मालकानं अर्धी पाटी परत न्यायला हवी होती. शिवाय १९० मासे कमी झाले होते, म्हणजे माप तसंही उतरायला हवं होतं.

"जाळ्यानं बुजलेत. खातील दुपारी," तो म्हणाला, आणि उरलेलंही टाकलं. पेंड तळाशी बसली.

सोमवार, दुपारी ३:०० (११० तास ३० मिनिटं आधी)

पाणी ३१ अंशांवर. शेवाळानं गर्द हिरवं.

पाण्यात कुजणाऱ्या पेंडीतून आणि माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो, एक जवळपास निरुपद्रवी, एक विषारी. कोणतं किती हे पाण्याचा पीएच ठरवतो. ३० अंशांना, पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी नसतो. पीएच ९ झाला की पंचेचाळीस भाग विषारी. आणि उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तसा पीएच दुपारी चढत जातो.

पीएच पाहायची पट्टी शे-दोनशे रुपयांत मिळते. या तळ्यावर ती नव्हती.

त्याच वेळी डाळिंबासाठी पंप चालू झाला. पाणी आणखी सात सेंटिमीटर उतरलं. कॉर्टिसॉल उतरायचं थांबलं.

मंगळवार, पहाटे ५:०० (९६ तास ३० मिनिटं आधी)

३० अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळत नाही. पठारावर हवा विरळ, म्हणून सातच्या आसपास. दिवसा शेवाळ त्यात भर घालतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. तळाची पेंडही खाते. पहाटे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात सगळ्यात कमी प्राणवायू असतो. त्या वेळी पाणी मोजायला तळ्यावर कुणी नसतं.

रोहूला पाचच्या वर बरं वाटतं. दोनच्या खाली तो पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतो. मंगळवारी पहाटे काही मासे वर आले. उजाडल्यावर खाली गेले. कुणी पाहिलं नाही.

माशांच्या दृष्टीनं हे दुसरं जाळं होतं. शीर्ष-मूत्रपिंडाला पुन्हा तोच निरोप गेला.

मंगळवार, सकाळी ८:०० (९३ तास ३० मिनिटं आधी)

दोन मासे मेलेले. मालकानं काढून बांधावर टाकले, कुत्र्यानं नेले. १,०१०मध्ये दोन. कुणीही सोडून देईल.

शीर्ष-मूत्रपिंडात तोवर पेशींची अदलाबदल सुरू झालेली असते. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस सायप्रिनस जातीच्या माशांवर, म्हणजे रोहू-कटल्याच्या चुलतभावंडांवर, हे पाहिलं: कॉर्टिसॉलमुळं प्रतिपिंडं बनवायला निघालेल्या बी-पेशी आत्महत्या करतात, आणि न्यूट्रोफिल उलट जास्त काळ जगतात. शरीर दूरच्या बचावाची माणसं कमी करतं आणि जवळच्या मारामारीची राखून ठेवतं. दोन दिवसांच्या संकटाला हे चालतं. पण राखून ठेवलेल्या न्यूट्रोफिलना बोलावणारे निरोप तर दाबून ठेवलेले होते.

बुधवार

बुधवारी लिहिण्यासारखं फारसं घडलं नाही. पाच मासे मेले. पेंड टाकली. शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची होती म्हणून मालक उशिरा झोपला, उशिरा उठला.

हा मोकळा दिवस विंडरमिअरच्या प्रयोगाला देतो. इंग्लंडातल्या त्या तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत पिकरिंग आणि पॉटिंजर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेलं काम. त्यांनी ट्राउटना जाळं लावलं नाही, गर्दी केली नाही, पाणी बिघडवलं नाही. फक्त रक्तातलं कॉर्टिसॉल थोडं वाढवून तसंच ठेवलं. मासे नेहमीच्याच जिवाणूंनी आणि बुरशीनं जास्त मेले. त्यासाठी कॉर्टिसॉल जाळ्यात सापडल्याइतकं चढावं लागलं नाही. थोडंसं, पण उतरू न दिलेलं, पुरलं. ताण या कल्पनेला हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरून तोंड फोडलं होतं. माशाच्या बाबतीत प्रश्न किती चढलं हा कमी आणि किती वेळ उतरलं नाही हा जास्त आहे, असं माझं मत विंडरमिअरच्या आकड्यांवरून झालं.

या तळ्यात बुधवारी रात्रीपर्यंत ते ऐंशीहून जास्त तास उतरलेलं नव्हतं.

गुरुवार, सकाळी ६:१० (४७ तास २० मिनिटं आधी)

मालकाची आई धुणं घेऊन तळ्यावर गेली होती. परत येऊन म्हणाली, "बाळा, मासं तोंड वर काढून बसल्यात रं. बघ जरा."

"उन्हाळ्यात काढतात, आई."

अकरा मेले. या वेळी त्यानं एक मासा उलटा करून पाहिला. परांच्या मुळाशी लालसर चट्टे, पोट थोडं फुगलेलं, दोन-तीन खवले उभे राहिलेले. एरोमोनास रक्तात उतरला की असं दिसतं. तो जी विषं सोडतो ती तांबड्या पेशी फोडतात, म्हणून लाली. पोषक द्रवात आणि उबदार तापमानात हा जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतो. तासाला एकदा धरला तरी कागदावर एकाचे २४ तासांत १ कोटी ६७ लाख होतात. निरोगी माशात हा हिशेब कागदावरच राहतो, कारण पेशी त्याला वाढू देत नाहीत.

प्रतिपिंडं? एवढ्या उबदार पाण्यातही माशाला ती पुरेशी बनवायला आठवडे लागतात. हातात ४७ तास होते.

गुरुवार, दुपारी ४:०० (३७ तास ३० मिनिटं आधी)

थोरल्या पोरानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिघांनी लिहिलं, हवा बदलली. एकानं लिहिलं, चुना मारा.

सल्ला तसा वाईट नाही. पीएच उतरलेल्या, आंबट झालेल्या तळ्यात चुना मारतातच. पण वेळ दुपारी चारची होती, पाणी हिरवंगार होतं, पीएच आधीच दिवसाच्या टोकावर होता. मालकानं २५ किलोची चुन्याची गोणी चारही काठांवरून भिरकावली. पीएच आणखी चढला. अमोनियाचा विषारी हिस्सा वाढला. कल्ले जळजळले. तिसरं जाळं.

जो माणूस काहीच करत नव्हता, त्यानं काहीतरी केलं, ते हे.

शुक्रवार, सकाळी ८:३० (२१ तास आधी)

चौतीस मेले. एकूण बावन्न. मालकानं पहिल्यांदा पेंड टाकली नाही. चार दिवस उशीर.

आकाश भरून आलं होतं. मृग लागला होता. गावात लोक खुशीत होते.

ढगाळ दिवशी शेवाळ प्राणवायू फारसा बनवत नाही. दिवसभरात जी शिल्लक पडायची, ती पडली नाही.

शुक्रवार, संध्याकाळी ५:०० (१२ तास ३० मिनिटं आधी)

या वेळेला एक काम करता येण्यासारखं होतं. डाळिंबाचा पंप तोच, पाइप तोच. त्याचं तोंड वळवून पाणी परत तळ्यातच उंचावरून फवारलं असतं तर हवा मिसळली असती. रोग बरा झाला नसता. रात्र निभावली असती, आणि कदाचित अर्धे मासे.

मालकानं पाइप गुंडाळून गोठ्यात ठेवला. पाऊस येणार म्हटल्यावर पाणी कशाला द्यायचं?

शुक्रवार, रात्री ११:२० (६ तास १० मिनिटं आधी)

वारा, विजा, मग पाऊस. वीज गेली. पाऊस चाळीस मिनिटं पडला, गार.

उन्हाळ्यात अशा तळ्याचे दोन थर पडलेले असतात: वर गरम, खाली थोडं गार आणि जवळपास प्राणवायूविना, त्याच्या खाली चार दिवसांची पेंड. गार पाऊस आणि वारा यांनी थर मोडले. खालचं वर आलं. तळ्याला कुजका वास सुटला. घरात सगळे ओट्यावर बसून मातीचा वास घेत होते.

शनिवार, पहाटे ३:०० (२ तास ३० मिनिटं आधी)

जवळजवळ सगळे मासे पृष्ठभागावर. फुटलेल्या तांबड्या पेशींमुळं ज्यांच्या रक्तात प्राणवायू वाहायची ताकदच उरलेली नव्हती, ते आधी आडवे झाले. रविवारी क्रेटमधून परत ओतलेले बहुतेक त्यांतच होते.

शनिवार, पहाटे ५:३०

सातशे बारा. मालक, त्याची बायको आणि दोन पोरं यांनी सात वाजेपर्यंत मोजून बाहेर काढले. पाण्यात २४६ उरले असावेत. ते अजून तोंड वर काढून होते.

आई बांधावर उभी होती. काही बोलली नाही.

शनिवार, सकाळी ८:००

शेजारी आले. पावसानं मेले, म्हणाले. एकानं वीज पाण्यात पडली असेल असंही सांगितलं. रविवारचा विषय कुणी काढला नाही. रविवारी पैसे आले होते.

मेलेल्यांपैकी एकही मासा कुणी उघडून पाहिला नाही. बांधाच्या पलीकडं जेसीबीनं खड्डा घेतला, उरलेला चुना त्यात टाकला.

शनिवार, सकाळी ९:१०

व्यापाऱ्याचा फोन आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं. उरलेले जगतात का मरतात काय भरवसा, उद्या सकाळीच काढून घेऊ, म्हणाला. लहान असले तरी चालतील. साडेसहाला जाळं घेऊन येतो.

मालक म्हणाला, "या."